तेवीस नंबरची रिकामी जागा

गुरुवार, दिनांक २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी आमच्या कुटुंबातील अकरा व्यक्ती, सात निरनिराळ्या घरांत, अकरा पडद्यांसमोर, उजव्या हाताची तर्जनी उगारून बसल्या होत्या. बाहेर उणे नऊ तापमान होते आणि तळ्यावर दोन फूट बर्फ होते. आम्ही उन्हाळ्याच्या सहलीला निघालो होतो.

मनुष्य निसर्गाच्या कुशीत शिरतो तो आगाऊ नोंदणी करूनच, हे सत्य ज्यांना मान्य नाही त्यांनी आमच्या राज्यात तंबू ठोकण्याचा विचार सोडून द्यावा. आमच्याकडे तलाव दहा हजारांवर आहेत आणि उन्हाळा साधारण सहा आठवड्यांचा. या दोन आकड्यांचा मेळ घालण्यासाठी उद्यान खात्याने नियम केला आहे की मुक्कामाच्या बरोबर एकशे वीस दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला, जागांची नोंदणी खुली व्हावी. नियम उत्तम आहे. पाखरांना, हरणांना आणि डासांना तो लागू नाही, म्हणूनच त्यांचे जीवन इतके अव्यवस्थित असते.

आम्हाला ऑस्टबी तलावाकाठच्या राज्य उद्यानात १९ ते २१ जुलै असा मुक्काम करावयाचा होता. त्यातही आम्हाला जागा क्रमांक तेवीस हवी होती. कारण सांगतो.

माझी थोरली बहीण व्हर्ना एक्क्याऐंशी वर्षांची आहे. ती आणि तिचे यजमान क्लिफर्ड यांनी सलग चव्वेचाळीस जुलै महिने तेवीस नंबरवर काढले. ही जागा पाण्याला अगदी लागून आहे. तिथे बर्चचे एक वाकडे झाड आहे आणि त्याखाली खुर्ची टाकली की पाय पाण्यात जातात. क्लिफर्ड सहा वर्षांपूर्वी वारले. येत्या सप्टेंबरात ताई कायमची मुलीकडे ॲरिझोनाला जाणार आहे, जिथे पाणी प्रामुख्याने बाटलीत आढळते. सव्वीस डिसेंबरला, नाताळचे उरलेसुरले जेवत असताना, ती म्हणाली,

"तेवीस नंबरवर एकदा बसायला मिळालं तर बरं वाटेल. नाही मिळालं तरी चालेल."

दुसऱ्या वाक्याकडे लक्ष द्यावे. आमच्या भागात असे वाक्य जीवनमरणाच्या प्रसंगीच उच्चारतात. (यापूर्वी आमच्या घरात ते एकदाच ऐकले गेले. वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा ते म्हणाले होते, "डॉक्टर मोकळे असले तर बघा. नसले तरी चालेल.") सर्वांनी ताटातून माना वर केल्या. माझी पत्नी आर्डिस हिने काटा खाली ठेवला. त्याच बैठकीत नियोजन समिती स्थापन झाली आणि तांत्रिक विद्यालयातून यंत्र-आरेखनाची पदविका घेतलेला, बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांचे फाळ एकोणचाळीस वर्षे कागदावर उतरवलेला एकमेव सदस्य म्हणून तिचे प्रमुखपद माझ्याकडे आले. मी नको म्हणालो. तीन वेळा नको म्हटल्यानंतर नियमाप्रमाणे स्वीकारले.

समितीचे सदस्य अकरा. ताई, मी, आर्डिस, ताईचा मुलगा वेंडेल, त्याची बायको मार्लिस आणि इतर सहा जण, ज्यांची नावे वाचकाला लक्षात ठेवावी लागू नयेत याची मी व्यवस्था केली आहे.

योजनेची फाईल चौदा विभागांची होती. विभाग पहिला, नकाशा. (मूळ नकाशात शौचालय चार फूट पूर्वेला दाखवले होते. मी गेल्या वर्षी मोजून आलो होतो. दुरुस्ती केली.) विभाग चौथा, पाऊस पडल्यास. विभाग पाचवा, पाऊस न पडल्यास. विभाग आठवा, डास. विभाग नववा, बटाट्याची कोशिंबीर कोणी आणावी. ती दर वर्षी पाच जणी आणतात आणि एकीलाही आणू नको म्हणता येत नाही, म्हणून या विभागात फक्त पाच डब्यांची मापे आहेत. विभाग तेरावा, मतभेद झाल्यास. हे पान कोरे आहे. आमच्याकडे मतभेद होत नाहीत. फार झाले तर माणूस "हे जरा वेगळंच आहे" असे म्हणतो आणि गॅरेजमध्ये जाऊन उभा राहतो.

आता नोंदणीच्या तंत्राविषयी. आठ वाजता ज्याचे बोट आधी पडेल त्याच्या नावे ती जागा पंधरा मिनिटे राखून ठेवली जाते. तेवढ्या वेळात त्याने नाव, पत्ता व गाडीचा क्रमांक भरावयाचा. बाकीच्यांना पडद्यावर पिवळी पट्टी दिसते: ही जागा सध्या अन्य व्यक्तीकडे आहे. ज्याच्याकडे जागा आहे त्यालाही एक पट्टी दिसते: इतके जण या जागेची वाट पाहत आहेत. ही दुसरी पट्टी कोणी सुचवली ते कळले नाही. तो गृहस्थ आमच्या राज्यातला नसणार, कारण आमच्या माणसाला असली पट्टी दाखवणे म्हणजे जेवणाऱ्याच्या पाठीमागे रांग उभी करणे आहे.

यश निश्चित व्हावे म्हणून मी अकराही जणांना एकाच जागेवर बोट ठेवण्यास सांगितले. अकरा बोटे, एक जागा. गणित निर्दोष होते.

आठ वाजून दोन सेकंदांनी तेवीस नंबर गेला.

माझ्या पडद्यावर पिवळी पट्टी आली. फोन वाजू लागले. वेंडेल म्हणाला, "मामा, मला नाही मिळाली. कोणीतरी घेतली." मार्लिस म्हणाली, तिलाही नाही. आर्डिस माझ्या शेजारीच बसली होती, तिलाही नाही. जो कोणी असेल त्याच्याविषयी त्या दिवशी आमच्या कुटुंबात जे शब्द वापरले गेले ते मी येथे देऊ इच्छित नाही. (वेंडेल म्हणाला, "असतो एकेकाचा स्वभाव." आर्डिसने त्याला मुले ऐकत असल्याची आठवण करून दिली.)

हानी मर्यादित राहावी म्हणून आम्ही तत्काळ बावीस, चोवीस आणि पंचवीस या जागा घेतल्या. बावीस शौचालयाजवळ आहे, चोवीस कचरापेट्यांजवळ आहे आणि पंचवीसवरून काहीच दिसत नाही. या जागा विनासायास मिळाल्या. वाईट वस्तू उचलण्यास आमच्याकडे कोणालाही संकोच वाटत नाही.

यानंतर दहा दिवसांनी ईस्टर आला. हॅमचे जेवण झाले, कॉफी झाली, मार्लिसच्या रुबार्बच्या आंबटगोड वड्या झाल्या. म्हणजे एक सोडून सगळ्या झाल्या. भांड्यातली शेवटची वडी आमच्याकडे कोणी घेत नाही. शेवटची घेणारा मनुष्य अट्टल गुन्हेगार समजला जातो. ती निम्मी कापून निम्मी घेता येते. उरलेल्या निम्मीचे पुन्हा निम्मे करता येते. त्या दिवशी दोन इंची वडीला सहा वेळा सुरी लागली आणि मी खिशातल्या मापकाने मोजले तेव्हा एक-बत्तीसांश इंच रुंदीची एक चकती शिल्लक होती. (ती झाकून ठेवण्यात आली.)

त्या वेळी ताई सहज बोलावे तशी म्हणाली, "मिळाली होती हो मला ती जागा."

बाहेर छपरावरचे बर्फ घसरून पडले.

"कुठली जागा, आई?" वेंडेलने विचारले.

"तेवीस. शेजारच्या मुलीनं मला तिचा तो सपाट कॉम्प्युटर दिला होता. मी बोट ठेवलं आणि लागलीच मिळाली."

"मग?"

"मग काय! खाली लिहून आलं, दहा जण वाट बघताहेत. मी एकटी बाई. दहा जणांना ताटकळत ठेवून मी तिथं बसून काय करू? कोणाची लहान मुलं असतील. दिली सोडून."

"आई, ते दहा जण आम्ही होतो!"

"मग बरंच झालं की. तुमच्यापैकी कोणाला तरी मिळाली असेल."

सर्वांची नजर झाकलेल्या भांड्यावर गेली. मग मार्लिसने घसा साफ केला. "आठ वाजून पाच मिनिटांनी माझ्याकडे आली होती," ती म्हणाली. "पण मी म्हटलं, सासूबाईंची जागा, ती मुलानं घ्यावी. सुनेनं पुढे पुढे केलेलं बरं दिसत नाही."

"आठ वाजून नऊ मिनिटांनी माझ्याकडे होती," वेंडेल म्हणाला. "मला वाटलं, मामा एवढी फाईल करून बसलाय. आपण घेतली तर त्याला वाईट वाटेल."

आर्डिस माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माझ्याकडे सव्वाआठला होती. पण ऑरिन शेजारी बसला होता."

अशा रीतीने एकामागून एक कबुलीजबाब झाले. समितीच्या प्रत्येक सदस्याला जागा मिळाली होती आणि प्रत्येकाने ती दुसऱ्या योग्य सदस्यासाठी सोडली होती. सरासरी ताबा, चार मिनिटे दहा सेकंद. राज्यातल्या बाकी किती कुटुंबांनी त्या सकाळी ती उचलून पुन्हा खाली ठेवली असेल, याचा अंदाज करणे माझ्या साधनांपलीकडचे आहे. (दक्षिणेकडच्या इलिनॉयची माणसे अशी जागा सोडत नाहीत, परंतु ती इतक्या उत्तरेला येत नाहीत. त्यांना वाटेतलेच विस्कॉन्सिन पुरते.)

"आणि मामा, तुझ्याकडे?" वेंडेलने विचारले.

मी इतिवृत्त लिहीत होतो. शिस पुन्हा पुन्हा तुटत होते. शेवटी मी नोंद केली की समितीच्या प्रमुखाकडेही सदर जागा नऊ वाजून एकतीस मिनिटांपासून चौदा मिनिटे चाळीस सेकंद होती. नाव, पत्ता आणि गाडीचा क्रमांक त्याने भरलेला होता. परंतु त्याच्या पडद्यावर दोन जण वाट पाहत असल्याचे दिसत होते.

मी ताबडतोब उद्यान खात्याला फोन लावला, की जागा मोकळी असेल तर आता घ्यावी. तेव्हा असे कळले की एकाच सकाळी इतक्या वेळा उचलली आणि टाकली गेलेली जागा पाहून कॉम्प्युटरने ती सदोष ठरवली आणि नोंदणीतून काढून तपासणीच्या यादीत टाकली. मे महिन्यात तपासनीस गेला. सहा मुद्द्यांच्या छापील अर्जावर त्याने "दोष आढळला नाही. फारच सुंदर आहे" असे लिहिले. तथापि एकदा काढलेली जागा त्याच हंगामात पुन्हा नोंदणीत घेता येत नसल्याने तिच्या खांबावर पाटी लावण्यात आली: रिकामी. जो प्रथम येईल त्याची.

ही बातमी ऐकून समितीत आनंदाची लाट उसळली. (तिघांनी "ठीक आहे" असे उद्गार काढले.) आता फक्त प्रथम पोहोचायचे होते.

शुक्रवार १९ जुलैला दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही प्रथम पोहोचलो. तेवीस नंबर रिकामा होता. बर्च होता तसाच वाकडा होता. पाणी चमकत होते. ताई गाडीतून उतरली, पाटीपर्यंत गेली, चष्मा लावून पाटी वाचली आणि परत आली.

"रिकामी आहे," ती म्हणाली.

"मग बस ना, ताई."

"बसते. पण आत्ताशी पावणेदोन वाजलेत. लांबून कोणी येत असेल. मुलं असतील बिचारी गाडीत. येऊ देत त्यांना. नाहीच आलं कोणी तर मग बघू."

यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. आम्ही बावीस, चोवीस आणि पंचवीसवर तंबू उभारले आणि अकराही खुर्च्या तेवीस नंबरच्या सीमेवर, पलीकडे पाऊल न टाकता, अर्धवर्तुळात मांडल्या. नाटक सुरू होण्यापूर्वी प्रेक्षक बसतात तसे आम्ही बसलो. समोर रिकामी जागा आणि तिच्या पलीकडे तळे.

थोड्या वेळाने वनरक्षक डिमार्को आली. ही मुलगी न्यू जर्सीची, आमच्याकडे येऊन तिला तीनच महिने झाले होते.

"ही जागा घेणार आहात का तुम्ही?" तिने विचारले.

"आम्ही? छे गं," आर्डिस म्हणाली. "आम्हाला आहेत की तीन."

"पण तुमच्या जागेवरून तळं दिसत नाही."

"दिसतं की! कचरापेटीचं झाकण बंद असलं की वरून थोडं दिसतं."

"आजी, तुम्हाला हवीय का?" तिने ताईला विचारले.

"नको गं बाई. तुला उगाच त्रास."

"मला काही त्रास नाही. एक चिठ्ठी फाडायची असते."

"बघ, चिठ्ठी फाडावी लागते," ताई आम्हाला म्हणाली. कोणाला तरी चिठ्ठी फाडावी लागते म्हटल्यावर विषयच मिटला.

डिमार्कोने चिठ्ठ्यांचे पुस्तक खिशात ठेवले. मग म्हणाली, "तुम्ही सगळे ठीक आहात ना?" आम्ही सांगितले की तक्रारीला जागा नाही. ते अक्षरशः खरे होते.

संध्याकाळी होडी लादलेली एक गाडी आली आणि तेवीस नंबरसमोर थांबली. आतल्या गृहस्थाने काच खाली केली.

"ही तुमचीच ना?"

"नाही नाही, रिकामी आहे. घ्या ना!" वेंडेल म्हणाला.

"छे हो, तुम्ही आधी आलात."

"आम्ही नुसते बसलोय. तुमच्याकडे होडी आहे, तुम्हालाच सोयीची."

"होडीचं काय, ती उचलता येते. आम्ही आपलं जाता जाता बघत होतो."

त्याची बायको आतून म्हणाली, "त्या आजींना बसू दे की तिथं." ताईने दोन्ही हात हलवले. "माझं काय, मी कुठेही बसते!" ती गाडी उद्यानाला दोन फेऱ्या मारून, दोन्ही वेळा आमच्याकडे पाहून हात हलवून, बावन्न मैलांवरच्या आपल्या घरी परत गेली. शुक्रवार ते रविवार अशा एकोणीस गाड्या तेथे मंदावल्या. नोंद विभाग अकरामध्ये आहे.

दोन दिवस ताई अर्धवर्तुळाच्या मध्यभागी बसून होती. क्लिफर्डची हिरवी घडीची खुर्ची तिने घरून आणली होती आणि ती न उघडता गाडीला टेकवून ठेवली होती. शनिवारी दुपारी मी तिला म्हणालो, "ताई, आता कोणी येईलसं वाटत नाही." ती म्हणाली, "अजून उद्या आहे, ऑरिन." मी फाईल उघडून पाहिली. चौदा विभागांत यावर काही नव्हते. म्हणून मी तेराव्या विभागाचे कोरे पान काढले आणि तेही तसेच मिटले.

रविवारी चारपर्यंत जागा सोडायच्या होत्या. दोन वाजून पाच मिनिटांनी वेंडेलने दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली आणि म्हणाला, "बरं, तर मग." हा आमच्याकडे निरोपाचा प्रारंभ होय. निरोपाचे टप्पे ठरलेले असतात. प्रथम खुर्चीजवळ उभे राहून, नंतर गाडीकडे जाताना मध्ये थांबून, नंतर गाडीच्या दाराशी, शेवटी गाडीत बसून काच खाली करून. प्रत्येक टप्प्यावर नवा विषय निघतो. त्या दिवशी दुसऱ्या टप्प्यावर विहिरीच्या पंपाचा विषय निघाला, त्यामुळे तीन वाजले तरी आम्ही गाडीच्या दारापर्यंत आलो नव्हतो.

तीन वाजून पाच मिनिटांनी मार्लिस म्हणाली, "मी इथं आणलेल्या वड्यांचं भांडं कुठं गेलं?"

आणि वेंडेल म्हणाला, "आई कुठंय?"

ताई तेवीस नंबरवर होती. बर्चखाली हिरवी खुर्ची उघडलेली होती. बूट शेजारी नीट ठेवलेले, मोजे त्यात खोचलेले आणि पाय घोट्यापर्यंत पाण्यात. मांडीवर भांडे होते.

"आई! तिथं काय करतेस?"

"बसलेय."

"आणि कोणी आलं म्हणजे?"

"आलं की उठेन." तिने मान वळवली नाही. "तुमचं चालू दे. तुम्ही निरोप घ्यायला लागलात की दोन तास कोणी कोणाकडे बघत नाही. एक्क्याऐंशी वर्षं बघतेय मी. म्हटलं, तेवढ्यात बसून घेऊ."

म्हणजे या सहलीत योजना फक्त एकीचीच होती आणि तिला फाईल नव्हती.

मार्लिस दोन पावले पुढे गेली, सीमेवर थांबली. "सासूबाई, त्या भांड्यात एकच वडी राहिली होती..."

"हो," ताई म्हणाली. "शेवटची. अख्खी." आणि तिने ती आमच्यादेखत खाल्ली.

आम्ही दहा जण तसेच उभे राहिलो. घड्याळ माझ्याकडे होते. मी म्हणालो, "वेंडेल, त्या विहिरीच्या पंपाचं तू काय सांगत होतास?" त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पंपाचे सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगितले. मग आर्डिसने आपल्या मावशीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला, जो सर्वांना पाठ आहे, आणि सर्वांनी नव्याने प्रश्न विचारले. पाण्याकडे कोणीही पाहिले नाही. आमच्या कुटुंबाने इतका काटेकोर निरोप यापूर्वी घेतलेला नाही. डिमार्को गाडीतून आली, तेवीस नंबरकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि काही न विचारता पुढे गेली. मुलगी शिकत आहे.

वाचक येथवर आला असेल तर त्याने मनातल्या मनात एव्हाना आपल्या एका नातेवाइकाला ओळखले असेल. "हा अगदी त्याचाच स्वभाव" असे म्हणून ही हकीकत त्या नातेवाइकाकडे पाठवण्याची इच्छाही त्याला झाली असेल. अवश्य पाठवावी. त्याच्याकडून ती वाचकाकडे निघालेलीच आहे. आणि घरी झाकून ठेवलेल्या भांड्यात आत्ता जे थोडेसे उरले आहे, ते आपण कोणासाठी ठेवले आहे, हेही जमल्यास स्वतःला विचारून घ्यावे. नाही जमले तरी चालेल.

नियोजन दोनशे सहा दिवस. सदस्य अकरा. तेवीस नंबरवर प्रत्यक्ष वास्तव्य: एक व्यक्ती, एक तास त्रेचाळीस मिनिटे.